पहिला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवायचा आहे. कोणती रचना निवडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सोल्डरिंगचा हात नुकता बसू लागला आहे, खर्चाला मर्यादा आहे, सध्या ३२ ओहमचे हेडफोन आहेत आणि पुढे ३०० ओहमचे घ्यायचा विचार आहे, अशा वेळी सुटे भाग आणून साधा, सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपचा, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पचा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा, तयार किट घ्यावे की व्हॅक्यूम ट्यूबची एखादी रचना करून पाहावी? आधी माझे मत सांगतो. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा, एकाच दुहेरी ऑप-अ‍ॅम्पचा आणि तिपटीच्या गेनचा (म्हणजे सिग्नल तिप्पट करणारा) अ‍ॅम्प्लिफायर आपण बनवावा. किट किंवा ट्यूब यांचा विचार त्यानंतर करावा. गेली अनेक वर्षे मी असे अ‍ॅम्प्लिफायर बनवतो आहे आणि इतरांनी बनवलेले, बंद पडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तही करतो आहे. पहिली रचना आवाजाच्या दर्जावरून निवडणाऱ्यांपेक्षा, बिघाड झाल्यास तो आपल्याला शोधता येईल का, या कसोटीवर निवडणाऱ्यांचे काम अधिक वेळा तडीस गेलेले मी पाहिले आहे.

निवडीची सुरुवात हेडफोनपासून करावी लागते. अ‍ॅम्प्लिफायरला किती व्होल्टेज आणि किती करंट द्यावा लागेल, हे हेडफोनचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेला होणारा विरोध) आणि त्याची संवेदनशीलता (ठरावीक विजेला तो किती मोठ्याने वाजतो) या दोन आकड्यांवरून ठरते. संवेदनशीलता कधी एका मिलिवॅटला इतके डेसिबल अशी दिलेली असते, तर कधी एका व्होल्टला इतके डेसिबल अशी. या दोन पद्धतींची गल्लत झाली, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट दिला, तर सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती जाते, म्हणून त्याचा ‘प्रति व्होल्ट’ आकडा ‘प्रति मिलिवॅट’ आकड्यापेक्षा १५ डेसिबलने मोठा दिसतो. ३०० ओहमच्या बाबतीत हाच फरक जेमतेम ५ डेसिबलचा असतो. म्हणून दोन हेडफोनांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच मापात आणून घ्यावेत.

आता तीन उदाहरणे घेऊ. संगीतातील क्षणिक शिखरे ११० डेसिबलपर्यंत स्वच्छ यावीत, असे लक्ष्य मी धरतो. ही पातळी क्षणभराच्या शिखरांपुरती आहे. सतत त्या पातळीवर ऐकल्यास श्रवणशक्तीला इजा होते, आणि नेहमीचे ऐकणे याच्या कितीतरी खाली असते. पहिला हेडफोन ३२ ओहमचा, संवेदनशीलता मिलिवॅटला १०० डेसिबल. त्याला १० मिलिवॅट लागतात, म्हणजे सुमारे ०.५७ व्होल्ट आणि १८ मिलिअँपियर. दुसरा ३०० ओहमचा, मिलिवॅटला ९७ डेसिबलचा. त्याला २० मिलिवॅट लागतात, म्हणजे सुमारे २.४५ व्होल्ट, पण करंट मात्र फक्त ८ मिलिअँपियर. तिसरा प्लेनर पद्धतीचा (सपाट पातळ पडद्याने आवाज काढणारा), ५० ओहम आणि मिलिवॅटला ९० डेसिबलचा. त्याला तब्बल १०० मिलिवॅट हवेत, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट आणि ४५ मिलिअँपियर. हे सर्व आकडे आरएमएस, म्हणजे तरंगाच्या परिणामकारक सरासरीचे आहेत. साइन तरंगाच्या शिखराशी ते १.४ पट होतात, म्हणजे तिसऱ्या उदाहरणात करंट ६३ मिलिअँपियरपर्यंत जातो.

या आकड्यांकडे नीट पाहिले, तर निवडीचा बराचसा गुंता सुटतो. पहिल्या हेडफोनला व्होल्टेज फारसे नको आणि करंटही बेताचाच पुरतो. दुसऱ्याला करंट नगण्य लागतो, पण व्होल्टेजची झेप मोठी लागते. तिसऱ्याला दोन्ही लागतात, आणि साधा ऑप-अ‍ॅम्प तेथे अपुरा पडतो. आपल्याजवळ पहिला हेडफोन आहे आणि दुसरा येऊ घातला आहे, म्हणून साधा ऑप-अ‍ॅम्प आपल्याला पुरेल. मात्र त्याला एका बॅटरीपेक्षा अधिक व्होल्टेज द्यावे लागेल. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. ३२ ओहमचे, चांगल्या संवेदनशीलतेचे हेडफोन आपल्या फोनवर आत्ताच पुरेसे मोठ्याने आणि स्वच्छ वाजत असतील, तर नव्या अ‍ॅम्प्लिफायरने त्यांच्यात मोठा बदल होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ३०० ओहमचे हेडफोन आल्यावर मात्र तो खरा उपयोगी पडेल.

नवशिक्यांना सर्वांत आधी सुचवली जाणारी रचना म्हणजे चू मॉय यांचा खिशात मावणारा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला सगळे ‘सीमॉय’ म्हणून ओळखतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेली ही रचना आजही बनवली जाते. भाग मोजके, नकाशा एका नजरेत समजणारा, पुरवठा एका नऊ व्होल्टच्या बॅटरीचा, आणि पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत सगळे बसवण्याची तिची प्रथा, ही तिच्या प्रसिद्धीची कारणे. तिचा सांगाडा मला आजही शिकण्यासाठी सर्वोत्तम वाटतो : व्हॉल्यूमचा पॉट (बटण फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), त्यापुढे इनपुट कॅपॅसिटर, मग ऑप-अ‍ॅम्प आणि त्याचे दोन फीडबॅक रेझिस्टर. प्रत्येक भाग काय करतो हे बोट ठेवून सांगता येते, आणि काही बिघडले तर पॉटपासून जॅकपर्यंत मल्टिमीटर घेऊन पायरीपायरीने जाता येते. मात्र मूळ नकाशा जसाच्या तसा बनवावा, असे मी सांगणार नाही. त्यातील गेन आणि पुरवठा या दोन गोष्टी आपल्या गरजेप्रमाणे बदलायला हव्यात.

गेनचे पाहू. मूळ रचनेत फीडबॅकचे रेझिस्टर १० किलोओहम आणि १ किलोओहम आहेत, म्हणून गेन ११ येतो. आज बहुतेक फोन साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतात आणि टेबलावरचे डीएसी (डिजिटल संगीताचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारी उपकरणे) सहसा दोन व्होल्ट देतात. एका व्होल्टला अकराने गुणले, तर ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ही पातळी गरजेच्या जवळजवळ वीसपट होते. परिणामी व्हॉल्यूमचे बटण सुरुवातीच्या एका छोट्या टप्प्यातच फिरवावे लागते, आणि स्वस्त दुहेरी पॉटमध्ये डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ नेमका त्याच टप्प्यात सर्वांत वाईट असतो. आवाज एका कानात जास्त, दुसऱ्यात कमी येतो. शिवाय ऑप-अ‍ॅम्पचा स्वतःचा सूक्ष्म खरखराट आणि डीसी त्रुटीही (आउटपुटवर येणारा नको असलेला स्थिर व्होल्टेज) गेनच्या पटीत वाढते. म्हणून रेझिस्टर २ किलोओहम आणि १ किलोओहम घ्यावेत. एक अधिक दोन भागिले एक, म्हणजे गेन ३. एका व्होल्टचे तीन व्होल्ट होतात आणि ३०० ओहमच्या हेडफोनची २.४५ व्होल्टची गरज भागते. दोन व्होल्टचा डीएसी जोडला तरी पॉट आधी असल्यामुळे चिंता नाही. तो थोडा कमी उघडावा लागेल इतकेच.

दुसरा बदल पुरवठ्याचा, आणि यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक बिघाड येथेच होतात. ऑप-अ‍ॅम्पला ग्राउंडच्या (शून्य व्होल्ट मानलेल्या बिंदूच्या) वर आणि खाली, अशी दोन्ही बाजूंची व्होल्टेज हवी असतात. एकच बॅटरी असेल, तर दोन समान रेझिस्टर आणि दोन मोठे कॅपॅसिटर लावून तिचे कृत्रिमरीत्या दोन भाग करतात आणि मधल्या बिंदूला ग्राउंड मानतात. हे आभासी ग्राउंड झाले. ताज्या नऊ व्होल्टच्या बॅटरीचे असे साडेचार-साडेचार व्होल्ट होतात. ऑप-अ‍ॅम्पचे आउटपुट दोन्ही टोकांपासून सुमारे दीड व्होल्ट अलीकडेच थांबते असे धरले, तर तीन व्होल्टची शिखरे, म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट आरएमएस हाती येतात. ३०० ओहमला २.४५ हवे होते. बॅटरी उतरून सात व्होल्टवर आली की हाच आकडा १.४ होतो. म्हणजे ३२ ओहमसाठी एक बॅटरी पुरते. ३०० ओहमसाठी ती ताजी असतानाही थोडी कमीच पडते आणि उतरू लागली की सपशेल अपुरी ठरते.

आभासी ग्राउंडचा आणखी एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. सुरुवातीच्या काळात पत्र्याच्या डबीत बनवलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरला मी बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरसाठी धातूची खोबणी बसवली होती. त्या खोबणीचा बाहेरचा भाग पुरवठ्याच्या ऋण टोकाला होता, तर हेडफोनच्या जॅकचा धातूचा कंठ आभासी ग्राउंडला होता. दोन्ही एकाच पत्र्यात कसलेले, त्यामुळे पत्र्यातूनच पुरवठ्याचा एक अर्धा भाग शॉर्ट झाला. संपूर्ण बोर्ड मी तीन संध्याकाळी तपासला आणि दोष बोर्डावर नव्हताच. एका बॅटरीची रचना करायचीच असेल, तर डबी प्लास्टिकची घ्यावी किंवा प्लास्टिकच्या कंठाचे जॅक वापरावेत.

दोन बॅटऱ्या घेतल्या की मधला जोड हाच खरा ग्राउंड होतो, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ व्होल्ट मिळतात, साडेसात व्होल्टपर्यंतची शिखरे शक्य होतात, आणि जॅकचा धातू डबीला लागला तरी बिघडत नाही. मात्र या सोयीसोबत एक जबाबदारी येते. दोनपैकी एकच बॅटरी संपली किंवा तिची टोपी सैल झाली, तर ऑप-अ‍ॅम्पचे आउटपुट उरलेल्या बाजूकडे ओढले जाऊन काही व्होल्टचा डीसी थेट हेडफोनवर येऊ शकतो, आणि हेडफोनच्या बारीक कॉइलला तो झेपत नाही. म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. स्विच दोन ध्रुवांचा असावा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षणी जोडल्या आणि तोडल्या जातात. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच वेळी बदललेल्या असाव्यात. प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र एलईडी लावावा. १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला एक मिलिअँपियरही लागत नाही, आणि एक दिवा मंद झाला की लगेच कळते. आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यानंतर लावावेत, बंद करण्यापूर्वी काढावेत.

आता ऑप-अ‍ॅम्प. या विषयावर सर्वांत जास्त लिहिले जाते आणि नवशिक्यांचा सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. ओपीए२१३४, एनई५५३२ आणि एनजेएम४५५६ या तिन्हींची आठ पायांची मांडणी सारखी आहे, त्यामुळे आठ पायांचे सॉकेट बसवून हवा तो लावता येतो. पण पाय जुळले म्हणजे सर्किट जुळले असे नव्हे. ओपीए२१३४ चे इनपुट फेटचे (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे) आहे. त्यात शिरणारा करंट इतका सूक्ष्म, की मूळ रचनेतील १०० किलोओहमच्या इनपुट रेझिस्टरवर त्याचा काही परिणाम दिसत नाही. एनई५५३२ चे इनपुट बायपोलर, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे आहे आणि त्याचा इनपुट करंट साधारण २०० नॅनोअँपियर असतो. तोच १०० किलोओहममधून गेला की २० मिलिव्होल्ट निर्माण होतात. गेन ३ असेल तर आउटपुटवर ६० मिलिव्होल्ट, आणि मूळचा ११ असेल तर २२० मिलिव्होल्ट डीसी उभा राहतो. ‘ऑप-अ‍ॅम्प बदलला आणि हेडफोन लावताना टक्क आवाज येऊ लागला’ ही तक्रार माझ्याकडे अनेकदा येते, आणि तिचे कारण बहुधा हेच निघते.

यावरचा उपाय सोपा आहे. इनपुट रेझिस्टर २२ किलोओहमचा आणि इनपुट कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा, फिल्म प्रकारचा घ्यावा. कमी वारंवारतेची मर्यादा सुमारे ७ हर्ट्झ राहते, म्हणजे खालच्या सुरांना धक्का लागत नाही, आणि एनई५५३२ वापरला तरी डीसी साधारण १३ मिलिव्होल्टपर्यंत उतरतो. तुलनेसाठी, मूळ रचनेतील ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम यांची मर्यादा १६ हर्ट्झ येते. हे मूल्य घेतले की तिन्हींपैकी कोणताही ऑप-अ‍ॅम्प आपल्याला निर्धास्तपणे लावता येईल.

तिन्हींत माझी निवड अशी. सुरुवातीला एनई५५३२ घ्यावा. तो स्वस्त आहे, मुबलक मिळतो, त्याचा खरखराट कमी आहे, आणि जळला तर हळहळ वाटत नाही. पहिल्या कामात हा शेवटचा गुण मोलाचा ठरतो. ३०० ओहमला तो उत्तम चालवतो, आणि ३२ ओहमच्या आपल्या उदाहरणातील २५ मिलिअँपियरच्या शिखरांपर्यंतही पोहोचतो, पण तेथे तो आपल्या मर्यादेजवळ असतो. एनजेएम४५५६ ची एकेक बाजू सुमारे ७० मिलिअँपियर देऊ शकते, म्हणून कमी ओहमचे हेडफोन जास्त वापरणार असाल, तर पुढे तोच सॉकेटमध्ये बसवावा. ओपीए२१३४ चांगलाच आहे, पण नामांकित आणि महाग ऑप-अ‍ॅम्पांच्या नावावर नकली माल मोठ्या प्रमाणात विकला जातो. अधिकृत वितरकाकडून मिळत नसेल, तर त्याच्या मागे लागू नये. अतिवेगवान ऑप-अ‍ॅम्प मात्र पहिल्या प्रयत्नात टाळावेत. त्यांना बोर्डावरील तारांची लांबी, पुरवठ्याचे कॅपॅसिटर आणि हेडफोनच्या वायरची कॅपॅसिटन्स यांची फार काळजी घ्यावी लागते. नाहीतर ते कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर आंदोलन करू लागतात, आणि ऑसिलोस्कोप (तरंग पडद्यावर दाखवणारे उपकरण) हाताशी नसेल तर ते सहजी ओळखता येत नाही.

आउटपुटच्या इम्पीडन्सविषयी एक ठोकताळा लक्षात ठेवावा : तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमसाठी ही मर्यादा ४ ओहमची होते. अनेक हेडफोनांचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार बदलतो. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पीडन्स मोठा असला, तर त्या बदलाबरोबर आवाजाचा तोलही ढळतो आणि बास सैल वाटू लागतो. आउटपुटला २.२ ओहमचा एक रेझिस्टर पुरतो. वायरच्या कॅपॅसिटन्सपासून तो ऑप-अ‍ॅम्पला थोडे वेगळे ठेवतो आणि तोलही बिघडवत नाही.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. एलएम३८६ ची रचना भाग कमी लागतात म्हणून अनेकांना मोहात पाडते, पण ती छोट्या स्पीकरसाठी आहे. तिचा किमान गेन २० आहे आणि शांत हेडफोनमध्ये तिचा खरखराट स्पष्ट ऐकू येतो. क्लास ए पद्धतीचे मॉसफेटचे अ‍ॅम्प्लिफायर सुंदर वाजतात, पण ते उष्णता भरपूर काढतात, त्यांना हीटसिंक आणि दमदार पुरवठा लागतो, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा आवाजाशी थेट संबंध नसलेल्या भागांवर जातो. ट्यूबचे आकर्षण मी समजू शकतो. परंतु पारंपरिक ट्यूब सर्किटमधील शेकडो व्होल्ट जिवावर बेतू शकतात, आणि पुरवठा बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ते बराच वेळ टिकून राहतात. पहिल्या कामात त्यांच्या वाटेला जाऊ नये. पीट मिलेट यांच्या ‘स्टार्व्हिंग स्टुडंट’सारख्या ४८ व्होल्टवर चालणाऱ्या संकरित रचना बऱ्याच सुरक्षित आहेत, पण त्यांतून दुसरा धडा मिळतो : ती रचना ज्या स्वस्त ट्यूबवर बेतलेली होती, त्या ट्यूब रचना लोकप्रिय झाल्यावर दुर्मीळ झाल्या. ज्याचा मुख्य भाग उद्या मिळेल याची खात्री नाही, असे काम पहिले म्हणून घेऊ नये. जिवाला असलेल्या धोक्यामुळे घरातील मुख्य विजेवर थेट चालणारा पुरवठाही पहिल्या वेळी स्वतः बनवू नये, हे माझे ठाम सांगणे आहे.

किट हवेच असेल, तर २०११ मध्ये एका टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने मोजमापांसह प्रसिद्ध केलेली ‘ऑब्जेक्टिव्ह-२’, म्हणजे ओ-२ ही रचना पाहावी. तिच्यात पहिल्या टप्प्याला एनजेएम२०६८ आणि आउटपुटला समांतर जोडलेले एनजेएम४५५६ आहेत, गेन अडीच आणि साडेसहा असे दोन आहेत, आउटपुट इम्पीडन्स साधारण अर्धा ओहम आहे, आणि वर सांगितलेला एका बॅटरीच्या बिघाडाचा धोका तिच्यातील एक स्वतंत्र सर्किट ओळखते व पुरवठा तोडते. खरेदी करताना एवढे पाहावे की तिला एसी आउटपुटचा अ‍ॅडॉप्टर लागतो. नेहमीचा डीसी अ‍ॅडॉप्टर तिला चालत नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती माझ्या सुचवलेल्या रचनेपेक्षा सरस आहे. तरीही ती मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण तिच्यात भागांची संख्या बरीच जास्त आहे, बोर्ड दाट आहे, आणि पुरवठ्याच्या भागात सोल्डरचा एक डाग (जोड) कच्चा राहिला तर नवख्या माणसाला तो शोधायला फार वेळ लागतो. प्लेनर हेडफोन घ्यायचे नक्की असेल, तर मात्र थेट तीच निवडावी.

बजेटचा प्रश्न लोक ऑप-अ‍ॅम्पच्या किमतीवरून मोजतात आणि तेथेच फसतात. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्वाधिक खर्च डबी, जॅक, पॉट, बटण आणि भाग मागवण्याचा वाहतूक खर्च यांवर होतो. रेझिस्टर, कॅपॅसिटर आणि ऑप-अ‍ॅम्प मिळून त्याचा लहानसा भागच असतात. म्हणून सगळे भाग एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून मागवावेत आणि रेझिस्टर दहाच्या पटीत घ्यावेत. पैसे वाचवायचे असतील तर डबीवर वाचवावेत. जुना प्लास्टिकचा डबाही चालतो. पॉटवर आणि जॅकवर वाचवू नये. पॉट १० किलोओहमचा, दुहेरी आणि लॉगॅरिदमिक हवा. लिनियर घेतला तर सगळा आवाज बटणाच्या पहिल्या पाव फेरीतच वाढतो. खोक्यावरील ए किंवा बी अशा अक्षरावर विसंबू नये, कारण जुन्या आणि नव्या पद्धतींत ही अक्षरे उलटसुलट वापरलेली आढळतात. बटण मध्यावर ठेवून मधल्या पायापासून एका टोकापर्यंतचा रोध मोजावा. तो एकूण रोधाच्या निम्मा आला तर पॉट लिनियर आहे.

हत्यारांचा खर्च वेगळा धरावा, कारण ती पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. तापमान नियंत्रित करता येणारे साधे सोल्डरिंग आयर्न, ०.७ ते ०.८ मिलिमीटरची, आत रोझिन असलेली ६३/३७ ची सोल्डर तार, एक पक्कड, एक कटर, डाग उपसण्याचा पंप आणि बरा मल्टिमीटर. ६३/३७ चे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, त्यामुळे थंड होताना भाग हलून डाग कच्चा राहण्याची शक्यता कमी होते. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे. खोलीत हवा खेळती असावी, आणि सोल्डरमध्ये शिसे असल्यामुळे काम संपल्यावर हात धुवावेत.

छिद्रांच्या बोर्डावर जोडणी करायची की छापील बोर्ड घ्यायचा? आपला हात अजून बसतो आहे, म्हणून या साध्या सर्किटसाठी छिद्रांचा बोर्डच घ्यावा. तारा स्वतः ओढल्या की नकाशा डोक्यात पक्का बसतो. पुरवठ्याचे ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर ऑप-अ‍ॅम्पच्या चौथ्या आणि आठव्या पायांपासून काही मिलिमीटरांवरच बसवावेत आणि प्रत्येक बाजूला २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक द्यावा. ग्राउंडची तार इनपुट, आउटपुट आणि बॅटऱ्यांसाठी एकाच बिंदूवर आणून मिळवावी. हेडफोनचा परतीचा करंट इनपुटच्या ग्राउंडमधून वाहू लागला, तर एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूत झिरपतो.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नये. सॉकेट रिकामे ठेवून स्विच सुरू करावा आणि ग्राउंडच्या तुलनेत आठव्या पायावर अधिक नऊ व चौथ्यावर उणे नऊ व्होल्ट मिळतात का, ते पाहावे. नंतर स्विच बंद करून, खाच योग्य बाजूला आहे याची खात्री करून ऑप-अ‍ॅम्प बसवावा. एका बॅटरीच्या तारेत मल्टिमीटर जोडून करंट पाहावा. एनई५५३२ साठी एलईडीसह तो ८ ते १० मिलिअँपियरच्या आसपास यावा. त्याहून खूप जास्त असेल किंवा ऑप-अ‍ॅम्प बोटाला गरम लागत असेल, तर लगेच बंद करावे : तो उलटा बसला आहे, कोठेतरी शॉर्ट आहे किंवा तो आंदोलन करतो आहे. सगळे ठीक असेल, तर इनपुट शॉर्ट करून पहिल्या आणि सातव्या पायावरचा डीसी मोजावा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जावे. ५० च्या वर असेल तर हेडफोन मुळीच लावू नयेत आणि इनपुट रेझिस्टरचा ग्राउंडशी असलेला जोड तपासावा, कारण बहुतेक वेळा तोच सुटलेला असतो.

यानंतर हेडफोनच्या जागी दोन्ही बाजूंना ३३ ओहमचे रेझिस्टर लावावेत आणि फोनवरून १०० हर्ट्झचा सूर द्यावा. हा सूर मुद्दाम सुचवतो आहे, कारण स्वस्त मल्टिमीटर जास्त वारंवारतेवर एसी व्होल्टेज चुकीचे दाखवतात. पॉट पूर्ण उघडून इनपुटवर ०.१ व्होल्ट असताना आउटपुटवर साधारण ०.३ व्होल्ट आले पाहिजेत, २.२ ओहमच्या रेझिस्टरमुळे ते किंचित कमी, ०.२८ च्या आसपास भरतील. दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांशी जुळले, की मग एखादे जुने, स्वस्त इअरफोन लावून ऐकावे, आणि त्यानंतरच आपले चांगले हेडफोन. ३०० ओहमचे हेडफोन आल्यावर हीच डीसीची मोजणी पुन्हा एकदा करावी आणि त्या दिवशी बॅटऱ्या नव्या घालाव्यात. अल्कलाइनची एक जोडी या अ‍ॅम्प्लिफायरला साधारण ४० तास पुरते.